पोस्टेज वाचवायचंय? मग आधी फूटपट्टी घ्या, डिझायनरला फोन नंतर

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये फराळ आणि टिफिनचं किचन सुरू करताय, दिवाळीच्या आधी आसपासच्या सहा हजार घरांत छापील कार्ड जायला हवं, डिझायनरने ६ बाय ६ इंचाचं छान चौकोनी कार्ड काढून दिलंय, मध्ये रांगोळी वगैरे, आणि पोस्टेजचा आकडा ऐकल्यावर तुमचे मिस्टर म्हणतात की त्यापेक्षा आपणच संध्याकाळी गाडी काढू आणि घरोघरच्या पेट्यांमध्ये टाकून येऊ. न्यू जर्सीत लेटरशॉपमध्ये, म्हणजे जाहिरातीची डाक तयार करून पोस्टात नेऊन देणाऱ्या दुकानात, मी वीसेक वर्षं काम करतोय आणि त्याआधी इचलकरंजीत मामांच्या छापखान्यात कटिंग मशीनवर होतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं माहीत आहे. उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.

पहिलं ते पेटीचं. मिस्टरांना सांगा, नको. आपल्याकडे पेपरवाल्या पोराला पैसे दिले की पहाटे पेपरात घडी घालून पत्रकं टाकतो आणि विषय संपतो. इथे घराबाहेरची मेलबॉक्स मालकाने स्वतःच्या पैशाने लावलेली असली तरी तिच्यात पोस्टेज न भरलेलं काही टाकणं हा केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे, दंड होतो, आणि पोस्टमन खरंच ती पत्रकं उचलून पोस्टमास्तरकडे नेऊन देतात. कार्डावर तुमचा फोन नंबर छापलेलाच असतो, शोधायला कुणाला लांब जायला नको. दाराच्या कडीला अडकवणं वेगळं, त्याचा पोस्टाशी संबंध नाही, पण तिथे टाऊनशिपचे नियम आणि 'नो सॉलिसिटिंग'च्या, म्हणजे विक्रेत्यांनी येऊ नये अशा, पाट्या असतात आणि सहा हजार दारं चालायची म्हणजे दिवाळी उलटून जाईल.

आता मुद्द्याचं. भारतातून आलेल्या माणसाच्या डोक्यात पोस्टेज म्हटलं की वजनकाटा येतो, २० ग्रॅमच्या वर गेलं की पुढचा टप्पा, म्हणून कागद पातळ घ्या, वजन कमी करा. इथे जाहिरातीच्या डाकेला, म्हणजे यूएसपीएसच्या, इथल्या सरकारी पोस्टाच्या, भाषेत मार्केटिंग मेलला, ते लागू नाही. लेटर साइजमध्ये साडेतीन औंसापर्यंत, म्हणजे जवळपास १०० ग्रॅमपर्यंत, दर तोच. तुमचं कार्ड अर्ध्या औंसाचं असो की तीन औंसाचं, एक सेंटचा फरक नाही. मारतो तो आकार, आणि मशीनमधून नग सरळ जातो की नाही ते. आणि आकार कुठे ठरतो, तर डिझायनरच्या स्क्रीनवर, छपाईच्या आधी, जेव्हा पोस्टाचा विचार कुणाच्याच डोक्यात नसतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ लोकांचे पैसे तिथेच गेलेले असतात, मी फक्त बातमी सांगायचं काम करतो.

तुमचं ६ बाय ६ घ्या. पत्र छाटणारं मशीन तासाला तीस हजारांच्या वर नग पळवतं, पत्र लांब बाजूवर उभं राहून पट्ट्यांच्या मधून जातं. चौकोनी कार्डाला लांब बाजूच नाही, ते मध्येच कोलांटी खातं. म्हणून नियम असा की लांबीला उंचीने भागलं की उत्तर १.३ ते २.५ च्या मध्ये यायला हवं. तुमचं येतं १. म्हणजे नॉनमशीनेबल, म्हणजे वरचा दर. साधी तिकिटं चिकटवून पाठवायचं म्हटलंत तर जुलै २०२५ च्या दराने एका तिकिटाला ७८ सेंट, वर नॉनमशीनेबलचा सरचार्ज, नगामागे डॉलर ओलांडतो. सहा हजारांचा हिशोब तुम्हीच करा. आणि दुसऱ्या टोकाला, ४ बाय ११ चं लांबुळकं कार्ड काढतात ना हॉटेलवाले, ते येतं २.७५, तेही बाद. ४ बाय ९ चालतं.

आता गंमत सांगतो, पाव इंचाची. लेटर म्हणजे जास्तीत जास्त ६.१२५ इंच उंच, साडेअकरा इंच लांब आणि पाव इंच जाड. यातलं एक माप जरी वर गेलं की तो नग 'फ्लॅट' होतो, आणि फ्लॅटला नाव-पत्ता घालून पाठवलं तर दर लेटरच्या जवळपास दुप्पट, कधी त्याहून जास्त. म्हणून नाव-पत्त्याच्या कार्डासाठी ६ बाय ९ हे सोन्यासारखं माप, मोठं दिसतं आणि लेटरच राहतं. पण दुसरी एक योजना आहे, एव्हरी डोअर डायरेक्ट मेल, सगळे ईडीडीएम म्हणतात, २०११ पासून आहे, त्यात नाव-पत्ता लागतच नाही, पोस्टमनच्या पूर्ण रूटवर प्रत्येक घरात एक. तिचा दर पाव डॉलरच्या आसपास, म्हणजे तुमच्यासारख्या दुकानदाराला सगळ्यात स्वस्त. पण तिला फ्लॅटच लागतो! म्हणजे लांबी साडेदहाच्या वर (या योजनेत लांबीची हद्द साडेअकराऐवजी साडेदहा धरतात), किंवा उंची ६.१२५ च्या वर, किंवा जाडी पाव इंचाच्या वर, तिन्हीतलं एक तरी हवं. मग ६ बाय ९ तिथे चालत नाही आणि सव्वासहा बाय ९ चालतं. तेच कार्ड, तोच कागद, तेच चित्र, कटिंगला पाव इंच इकडेतिकडे. मी पाहिलंय की लोक पाच-पाच हजार ६ बाय ९ छापून काउंटरवर उभे असतात आणि बाई फूटपट्टी लावून मान हलवतात. छापून झालेलं कार्ड कापून लहान करता येतं, मोठं कसं करणार.

याचाच भाऊ म्हणजे घडी. साडेआठ बाय ११ चा मेनू ईडीडीएमला चालतो, कारण ११ हे साडेदहाच्या वर आहे. तोच मेनू मध्ये घडी घालून दिला की झाला साडेपाच बाय साडेआठ, माप घडी घातल्यावरचं धरतात, संपलं, ईडीडीएमला बाद. प्रिंटर मात्र घडीचे पैसे वर घेतो आणि तुम्हाला वाटतं की व्यवस्थित काम झालं.

तुमच्यासाठी मी ईडीडीएमच सुचवेन. फराळ आणि डबा ही गोष्ट जवळच्या माणसाला विकायची आहे, आणि ओकट्री रोडच्या आजूबाजूला कुठल्या रूटवर आपली माणसं आहेत ते तुम्हाला कुठल्याही यादीपेक्षा चांगलं माहीत असणार. यूएसपीएसच्या साइटवर नकाशा आहे, फुकट, झिप, म्हणजे इथला पिन कोड, टाका (तुमच्याकडे ०८८१७, ०८८२०, ०८८३७, आणि शेजारच्या आयझेलिनचा ०८८३०), रूट दिसतात, सी अक्षराचे शहरी, आर अक्षराचे ग्रामीण, प्रत्येकावर किती घरं, किती धंदे ते येतं, वय आणि उत्पन्नाची चाळणीसुद्धा लावता येते. मराठी किंवा भारतीय अशी चाळणी नाही, ते तुम्ही गाडीतून चक्कर मारून बघायचं, संध्याकाळी दाराबाहेर चपला किती ते मोजा, माझी बायको असंच करते आणि तिचा अंदाज चुकत नाही. एक अट, रूट घेतला की तो पूर्ण घ्यायचा, फक्त धंदे वगळता येतात. मधलीच चार घरं गाळता येत नाहीत.

कामं काय ते पटकन सांगतो. कमीत कमी २०० नग, रिटेल प्रकारात एका झिपला दिवसाला जास्तीत जास्त ५०००. तुमचे सहा हजार दोन-तीन झिपमध्ये विभागलेले असतील तर काही अडचण नाही, एकाच झिपमध्ये असतील तर दोन दिवस जा. वजन ३.३ औंसाच्या आत. नगावर पत्त्याच्या जागी 'लोकल पोस्टल कस्टमर' आणि तिकिटाच्या जागी त्यांनी दिलेला चौकोन, दोन्ही एकाच बाजूला, मजकूर त्यांच्या साइटवरून जसाच्या तसा उचला, त्यात कलाकारी नको. ५० ते १०० चे गठ्ठे, प्रत्येकावर स्लिप, रूट नंबर, नगांची संख्या, आणि ज्या पोस्ट ऑफिसमधून तो रूट निघतो तिथेच नेऊन द्यायचे आणि तिथेच पैसे भरायचे. घाऊक डाकेचं परमिट लागत नाही. गठ्ठे बांधणं हे घरचं काम आहे, एका रविवारी चौघं बसलात तर होतं, आम्ही त्याचे पैसे घेतो पण खरं सांगायचं तर तुमच्या प्रमाणावर आमची गरज नाही. गठ्ठा मोजताना एकाने शंभर मोजून जाडी बघायची आणि बाकीच्यांनी त्या जाडीवर गठ्ठे करायचे, प्रत्येक गठ्ठा मोजत बसलात तर रात्र होईल. आणि छपाई दोन-तीन टक्के जास्त करा, रूटवरचा आकडा बदलतो, शिवाय काउंटरवर ठेवायला लागतातच.

हिशोब साधा, सहा हजार गुणिले पाव डॉलर, दीड हजार डॉलर. लेटरच्या मापाचं साधं कार्ड वरच्या ७८ सेंटांची तिकिटं लावून पाठवलं असतं तर ४६८० डॉलर, आणि चौकोनी कार्ड तर त्याच्याही पुढे.

ज्यांना नाव-पत्त्यानेच पाठवायचंय, भरतनाट्यमचा क्लास, मराठी शाळा, रियल्टर, त्यांच्यासाठी आता पुढचं. तुम्हालाही पुढच्या वर्षी लागेल, जेव्हा तुमच्याकडे गिऱ्हाइकांची यादी होईल.

पोस्ट सवलत देतं ती फुकटात नाही, तुम्ही त्यांचं काम केलंत म्हणून देतं. १९६३ मध्ये झिप कोड आला तो छाटणी सोपी व्हावी म्हणून, आणि १९७६ पासून आधीच छाटून आणणाऱ्याला सूट मिळायला लागली, तेच अजून चालू आहे. तुम्ही पत्ता शुद्ध केलात, ६५ रेघांचा बारकोड छापलात, झिपप्रमाणे लावून ट्रेमध्ये भरून दिलंत की तितकं कमी. एका पाच आकडी झिपला १५० नग असले की त्या ट्रेला चांगला दर लागतो. म्हणून तीन झिपमध्ये हजार नावं असली की छान दर मिळतो, आणि हजार नावं कॅलिफोर्नियापासून मेनपर्यंत पसरलेली असली की सगळी 'मिक्स्ड'मध्ये, म्हणजे सरमिसळ ट्रेमध्ये, जातात आणि वरचा दर लागतो. यादी विकत घेताना हे बघा, दोनशे नावं लांबच्या गावची जास्त मिळतात म्हणून खूश होऊ नका.

यादीतला सगळ्यात मूर्खपणाचा आणि सगळ्यात जास्त होणारा घोटाळा, आणि तो न्यू जर्सीवाल्यांनाच होतो: आपले झिप शून्यापासून सुरू होतात. एक्सेलमध्ये ०८८२० टाकलं की एक्सेल ते आकडा समजून शून्य खाऊन टाकतं, राहतं ८८२०. यादी उघडली की मी आधी तो कॉलम बघतो. पाठवायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट करा, एवढंच. दुसरं अपार्टमेंट नंबर. आपली माणसं मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहतात, १२० नंबरची बिल्डिंग, चाळीस घरं, यादीत फक्त १२०. पत्ता तपासणारं सॉफ्टवेअर सांगतं की बिल्डिंग खरी आहे पण घर सापडत नाही, आणि लोक ती सूचना ओके ओके करून पुढे जातात. मार्केटिंग मेल पोहोचलं नाही तर परत येत नाही, मुद्दाम तशी सूचना छापली नसेल तर पोस्ट टाकून देतं, तुम्हाला कळतही नाही. तिसरं, एकाच घरात 'देशपांडे' आणि 'देशपांडे-कुलकर्णी', दोन कार्डं, दोन पोस्टेज. मशीनला ती दोन माणसं वाटतात, आपल्याला वाचल्याबरोबर कळतं, म्हणून यादी एकदा डोळ्याखालून घालायला मराठी माणूस बसवा.

आणि घर बदललेल्यांसाठी यादी पाठवण्याआधीच्या ९५ दिवसांत तपासलेली असावी लागते, ती अट आहे. ती टाळायची सोपी वाट म्हणजे नावाखाली 'ऑर करंट रेसिडेंट' छापणं, मग माणूस बदलला तरी त्या घरात जो असेल त्याला मिळतं. डब्याच्या जाहिरातीला हेच बरं, भूक घराला असते. क्लासच्या फीच्या पत्राला अर्थातच नको.

आता ज्यावर मला खरं बोलायचंय ते, कार्डाची पत्त्याची बाजू. डिझायनर लोकांना ती उरलेली बाजू वाटते, तिथे पण चित्र, तिथे पण क्यूआर, तिथे पण '॥ श्री ॥'. '॥ श्री ॥' वरच्या कडेला राहू दे, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण उजवीकडचा खालचा कोपरा, पावणेपाच इंच रुंद आणि पाच अष्टमांश इंच उंच, तो पूर्ण कोरा हवा, तिथे बारकोड बसतो. पत्ता आणि आजूबाजूची जागा फिक्या रंगावर, देवनागरी मजकूर त्या पट्ट्यात नको. पत्ता इंग्रजी अक्षरातच, लांब बाजूला समांतर. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण लांबी कुठली आणि उंची कुठली हे पत्ता कसा वाचला जातो त्यावर ठरवतात. ६ बाय ९ चं कार्ड उभं धरून त्यावर पत्ता छापलात की ९ इंच उंची झाली, म्हणजे लेटर राहिलंच नाही. कार्ड तेच, कागद तोच, फक्त पत्ता फिरवला म्हणून दर गेला वर. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मलाही खोटं वाटलं होतं.

पोस्टाकडे एक पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी असते, तिच्यावर सगळ्या रेषा आखलेल्या, नोटीस ६७ म्हणतात तिला. काउंटरवरचा माणूस ती तुमच्या कार्डावर ठेवतो आणि दोन सेकंदांत निकाल. माझ्या टेबलावर एक आहे, कोपरे झिजलेत, बारकोडचा चौकोन चहाने पिवळा झालाय, पण रोज निघते. डिझायनर पहिल्या भेटीला आला की मी ती त्याच्या हातात देतो, भाषण देत नाही.

मग कागद. वजनाला घाबरू नका म्हटलं ते यासाठी की लोक पैसे वाचवायला पातळ कागद घेतात आणि तिथेच अडकतात. सव्वाचार बाय ६ पेक्षा मोठं एकेरी कार्ड ऑटोमेशन दराला, म्हणजे बारकोडवाल्या डाकेच्या सवलतीच्या दराला, न्यायचं तर कमीत कमी नऊ हजारांश इंच जाड लागतं. १०० पौंडाचा ग्लॉस टेक्स्ट हातात भारी लागतो पण जाडीला निम्म्याच्या आसपास भरतो, १०० पौंडाचं कव्हर घेतलं तर काठावर बसतं, म्हणून मी १४ पॉइंटचं, म्हणजे चौदा हजारांश इंचाचं, कार्ड सांगतो, वाद नको. टेक्स्ट आणि कव्हर दोन्हीला '१०० पौंड' म्हणतात हा कागदवाल्यांचा जुना चावटपणा आहे, कोटेशनमध्ये नुसतं १०० पौंड लिहिलं असेल तर विचारा कुठलं.

आणि कोटिंग. यूव्ही कोटिंग चकाचक दिसतं, रांगोळीचे रंग उठून येतात, मान्य. पण त्यावर आमच्या इंकजेटची शाई वाळत नाही. एका गिऱ्हाइकाचं काम होतं, काही हजार कार्डं, दोन्ही बाजूंना यूव्ही, मी पहिला नग मशीनमधून निघाल्यावर सवयीने अंगठा फिरवला आणि बारकोड शेपटीसारखा पसरला. मग हीटर लावले, मशीन सावकाश चालवलं, तरी ट्रेमध्ये एकावर एक पडल्यावर शाई पुढच्याच्या पोटाला लागत होती. शेवटी लेबलं छापून चिकटवली आणि त्या खर्चात त्यांची पोस्टेजची सगळी बचत गेली, वर ते म्हणतात लेबलं वाईट दिसतात, दिसणारच. प्रिंटरला एवढंच सांगायचं होतं, पत्त्याची बाजू कोरी ठेव, कोटिंग नको. बहुतेक प्रिंटर त्याचे जास्त पैसेही घेत नाहीत. ईडीडीएमला नाव छापायचंच नसतं त्यामुळे तुम्हाला ही भीती नाही, तुम्ही खुशाल चकचकीत करा.

घडीचे नग पाकिटाशिवाय नावाने पाठवायचे असतील तर जानेवारी २०१३ पासूनचे वेगळे नियम आहेत, जास्तीत जास्त ६ बाय साडेदहा, तीन औंसाच्या आत, शेवटची घडी खालच्या बाजूला, उघडी कड वर आणि तिथे दोन गोल टॅब, म्हणजे कड बंद करणाऱ्या चिकट टिकल्या, मध्ये तुटक रेघ नसलेले. एका औंसाच्या वर वजन गेलं की टॅब मोठे आणि कागद जाड. लोक घडी वर ठेवतात कारण उघडताना तसं बरं वाटतं. मशीनला खाली बंद कड लागते, उघडी कड पट्ट्यांत अडकते आणि फाटते. टॅबचे पैसे नगामागे लागतात, म्हणून साडेपाच बाय साडेआठच्या घडीपेक्षा ६ बाय ९ चं सरळ कार्ड बऱ्याचदा स्वस्त पडतं. मजकूर मावत नसेल तर मजकूर कमी करा, लाडूचे सात प्रकार कार्डावर कशाला हवेत.

पाकीट असेल आणि खिडकीचं असेल तर पाकीट हातात धरून टेबलावर डावीकडे, उजवीकडे, खाली आपटून बघा. आतला कागद सरकून बारकोड खिडकीच्या कडेला लागला की गेलं.

मार्केटिंग मेल कमीत कमी २०० नग किंवा ५० पौंड. ६ बाय ९ पर्यंतचं कार्ड असेल तर फर्स्ट क्लास प्रीसॉर्टचा, म्हणजे आधीच छाटून दिलेल्या साध्या पत्रांच्या वर्गातला, कार्डाचा दरही विचारा, त्याला कमीत कमी ५०० नग लागतात, पण मार्केटिंग मेलपेक्षा फरक बऱ्याचदा काही सेंटचाच असतो आणि त्यात घर बदललेल्याला पुढे पाठवतात, नाही सापडला तर परत आणून देतात, शिवाय लवकर जातं. परत आलेल्या कार्डांवरून यादी साफ होते, ती किंमत लोक धरत नाहीत. स्वतःचं परमिट घेऊ का असं विचारतात, अर्जाची आणि वर्षाची फी मिळून सहाशे डॉलरच्या वर जाते, वर्षातून एक-दोनदा पाठवणाऱ्याने लेटरशॉपचं परमिट वापरावं. मी लेटरशॉपवाला आहे म्हणून सांगतोय असं वाटेल, वाटू दे, हिशोब करून बघा.

मंडळवाल्यांसाठी दोन शब्द, कारण गणपतीच्या आधी दरवर्षी फोन येतात. ना-नफा संस्थांचा दर कायद्यानेच असा बांधलाय की सरासरी नेहमीच्या दराच्या साठ टक्के पडतो, म्हणजे मोठीच बचत. पण ५०१ सी ३, म्हणजे करमाफी असलेली संस्था, आहोत म्हणजे आपोआप मिळतं असं नाही, पोस्टाचा स्वतंत्र अर्ज असतो, फॉर्म ३६२४, त्याला फी नाही, पण संस्था मुख्यतः शैक्षणिक किंवा धार्मिक वगैरे आहे हे दाखवावं लागतं, नुसता गप्पांचा आणि सहलींचा क्लब असेल तर मिळत नाही. मंजुरी मिळाल्यावर सलग दोन वर्षं काही पाठवलं नाही तर ती रद्द होते. कार्यकारिणी बदलते, नव्या लोकांना कुणी सांगत नाही, आणि तिसऱ्या वर्षी काउंटरवर समजतं.

आणि जाहिराती. मंडळाच्या अंकात मागच्या पानावर इन्शुरन्सवाल्याची जाहिरात असतेच, त्याच्या पैशावर छपाई होते. पण ना-नफा दराच्या डाकेत इन्शुरन्स, क्रेडिट कार्ड, सहलीची तिकिटं यांच्या जाहिराती सहसा चालत नाहीत. पुरस्कर्त्याचं नाव आणि लोगो, आभार, एवढं चालतं. एका मंडळाचं काम आमच्या दुकानातून गेलं होतं, चूक आमचीही, मी मागचं पान नीट बघितलं नाही, जाहिरात पूर्ण मराठीत होती आणि मनात कुठेतरी असंही होतं की काउंटरवर कोण वाचणार आहे. काउंटरवरच्या बाई निघाल्या गुजराती, देवनागरी धडाधड वाचत होत्या. 'कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी आजच फोन करा' हे त्यांनी मलाच मोठ्याने वाचून दाखवलं. सगळा लॉट नेहमीच्या दराने गेला, वरचा फरक अर्धा आम्ही भरला, अर्धा मंडळाने, आणि खजिनदार अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.

वेळेचं. मार्केटिंग मेलला पोस्ट घाई करत नाही, आठवडा-दीड आठवडा सहज जातो, सणाच्या दिवसांत जास्त. ईडीडीएम स्थानिक ऑफिसात दिलं की थोड्या दिवसांत वाटलं जातं पण कुठल्या दिवशी ते तुम्ही ठरवू शकत नाही. म्हणून कार्डावर 'या शनिवारी' असलं काही छापू नका. फराळाच्या ऑर्डरची शेवटची तारीख छापा आणि तिच्या तीन आठवडे आधी गठ्ठे नेऊन द्या. सगळे रूट एकदम नका देऊ, दोन झिप आधी, बाकीचे पाच-सहा दिवसांनी, नाहीतर सहा हजार घरांतून एकाच दिवशी फोन आले तर चकल्या कोण तळणार.

छापायच्या आधी पीडीएफ पोस्टाच्या मेलपीस डिझाइन ॲनालिस्टकडे पाठवा, ते फुकट बघून लेखी उत्तर देतात, ते उत्तर प्रिंट काढून काउंटरवर घेऊन जा, वाद मिटतो. माझं मत विचाराल तर सव्वासहा बाय ९, १४ पॉइंट, दोन्ही बाजूंना कोटिंग चालेल, एका बाजूला रांगोळी नको, फराळाच्या ताटाचा फोटो लावा. आणि ते ६ बाय ६ चे नमुने प्रिंटरने आधीच पाचशे काढून ठेवलेत म्हणालात, ते टाकू नका, मागे पुढच्या आठवड्याचा मेनू छापून घ्या आणि डब्याच्या झाकणाखाली ठेवा, तिथे चौकोनीच बरं बसतं.